जुनी काडी, नवी काडी

पहिली चूक माझीच. फेब्रुवारीतली एक कोरडी दुपार, इंग्लंडमधल्या वोकिंग गावातलं भाड्याचं घर, आणि मागच्या कुंपणावर सुतळीचा गुंता टाकून दिल्यासारखी पसरलेली एक वेल. पान नाही, कुठे हिरवा ठिपकाही नाही. घरमालकीणबाई जाताना एवढंच म्हणाल्या होत्या की ती क्लेमॅटिस आहे, जमलं तर जरा आवरून घे. मी दिंडोरी तालुक्यातल्या द्राक्षबागायतदाराच्या घरातली मुलगी. छाटणी आमच्याकडे पाढ्यांच्या आधी कानावर पडते. सिकेटर घेतला आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी करतात तशी वेल गुडघ्याएवढी ठेवून सगळी उतरवली. दोन मोठ्या पिशव्या भरल्या. मोठ्या अभिमानाने फोटो काढून नानांना, म्हणजे माझ्या धाकट्या काकांना, व्हॉट्सॲपवर पाठवला.

दहा मिनिटांत फोन. "छाटलंस ते ठीक आहे गं. पण फूल कुठल्या काडीवर येतं ते बघितलंस का आधी?"

नव्हतं बघितलं.

मे महिन्यात गल्लीतल्या दुसऱ्या एका घराच्या भिंतीवर फिकट गुलाबी फुलांची चादर पसरली. व्हॅनिलासारखा वास रस्त्यापर्यंत. आमच्या कुंपणावर चार-दोन पानं. घरमालकीणबाई त्याच सुमारास चहाला आल्या, खिडकीतून बराच वेळ बाहेर बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या की ती वेल त्यांच्या आईने लावली होती. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या संध्याकाळी मी वाचायला बसले. आधी फक्त 'छाटलेली क्लेमॅटिस परत येते का' एवढंच शोधत होते. नंतर लक्षात आलं की मी ज्या गावात ही चूक केली, त्याच गावात, सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी, या वेलीची कुठली काडी ठेवायची आणि कुठली काढायची याचे नियम पुस्तकात छापले गेले होते. वोकिंग म्हटलं की लोकांना एच. जी. वेल्सचे मंगळवासी आठवतात. त्याच्या कादंबरीत ते इथल्याच माळरानावर उतरतात, आणि गावात त्यांच्या तीन पायांच्या यंत्राचा पोलादी पुतळाही आहे. क्लेमॅटिसचं नाव मात्र माझ्यासमोर कुणी घेतलं नव्हतं.

नावापासूनच सुरुवात करू, कारण नाव ऐकून नाना खूश झाले. ग्रीक भाषेत 'क्लेमा' म्हणजे द्राक्षवेलीची काडी. त्यावरून क्लेमॅटिस. दक्षिण युरोपातल्या एका जातीचं नाव व्हिटिसेला, म्हणजे लॅटिनमध्ये छोटी द्राक्षवेल. इंग्लंडच्या कुंपणांवर रानात वाढणारी जात व्हिटाल्बा, म्हणजे पांढरी द्राक्षवेल. द्राक्षाशी हिचं नातं मात्र काहीच नाही. हिचं कूळ वेगळं. पण ज्यांनी नावं दिली त्यांच्या डोळ्यांसमोर द्राक्षाचा मळा होता, आणि वाळलेल्या काडीवर फुगलेला जोडडोळा बघितला की मलाही तोच दिसतो.

या वेलीबद्दल दोन गोष्टी सांगून ठेवते. एक, आपण जिला पाकळी समजतो ती पाकळी नसतेच. रंगीत, मोठी झालेली ती फुलाची बाहेरची दलं असतात. दुसरी, द्राक्षासारखे तणावे तिला नसतात. ती पानाच्या देठानेच आधाराला विळखा घालते. म्हणून जाड खांब तिला पकडता येत नाही, तार किंवा बारीक काठी लागते. बाकी सगळं छाटणीत आहे.

आता व्हिटाल्बा. जॉन जेरार्ड नावाच्या वनस्पतींच्या जाणकाराने १५९७ साली आपल्या जाडजूड ग्रंथात तिचं इंग्रजी नाव ठेवलं, त्याचा अर्थ साधारण 'वाटसरूचा आनंद'. रस्त्याकडेच्या कुंपणांवर फुलते, चालणाऱ्याला बरं वाटतं, म्हणून. फ्रान्समध्ये त्याच वेलीला भिकाऱ्यांची वनस्पती म्हणायचे. तिचा रस झोंबरा असतो. भिकारी तो अंगावर चोळायचे, फोड उठायचे, जखमा दिसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला दया यायची. एकाच रस्त्यावरची एकच वेल. तिचं नाव काय पडायचं, हे त्या रस्त्यावर तुम्ही चालताय की बसलाय यावर अवलंबून होतं. (रस आजही झोंबतो. छाटताना हातमोजे घाला. मी घातले नव्हते.)

ही झाली रानातली. बागेतली पहिली पाहुणी व्हिटिसेला, दक्षिण युरोपातून १५६९ साली इंग्लंडमध्ये आली. राणी एलिझाबेथचा औषधविक्या ह्यू मॉर्गन याच्या बागेत. लहान, जांभळट, मान खाली घातलेली फुलं. हिवाळ्यात वरचा भाग जवळजवळ मेल्यासारखा, वसंतात खालून नवी फूट, आणि उन्हाळा अर्धा सरल्यावर त्याच नव्या फुटीच्या टोकाला फुलं. नानांच्या भाषेत, नव्या काडीवर माल. ही वेल मी छाटली तशी छाटली असती तर काही बिघडलं नसतं.

पुढची अडीचशे वर्षं फार काही घडलं नाही, आणि मग सगळं एकदम आलं. जपानमध्ये नागासाकीजवळच्या देजिमा बेटावर डच लोकांची वखार होती. तिथला जर्मन डॉक्टर फॉन सिबोल्ड देशाचे नकाशे जवळ बाळगल्याच्या आरोपावरून १८२९ मध्ये हाकलला गेला. त्याच्या संग्रहातून जी झाडं युरोपात रुजली त्यांत पेटन्स नावाची क्लेमॅटिस होती, १८३६ च्या सुमारास. तळहाताएवढी फुलं. युरोपाने क्लेमॅटिसमध्ये असं काही पाहिलंच नव्हतं. जपानी लोक तिला काझागुरुमा म्हणतात, म्हणजे भिरभिरं. जत्रेत मिळतं ते. आणि फ्लोरिडा नावाची चिनी जात जपानी बागांत आधीपासून होती, तिचं नाव तेस्सेन, म्हणजे लोखंडी तार. ज्याने तिची वाळलेली काडी हातात धरलीय त्याला हे नाव समजावून सांगावं लागत नाही.

या दोन नावांवर मी जरा रेंगाळते, कारण पुढच्या इंग्रजी पुस्तकांत 'शोधली' असा शब्द पानोपानी येतो. पेटन्स आणि फ्लोरिडा जपानी माळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून, वाढवून, दुहेरी फुलांच्या करून ठेवल्या होत्या. १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट फॉर्च्यूनने जपानमधून आणलेल्या मोठ्या फुलांच्या क्लेमॅटिस रानातल्या नव्हत्या, बागेतल्या तयार वेली होत्या. कष्ट कुणाचे, लेबल कुणाचं, हा प्रश्न फुलांनाही लागू पडतो.

फॉर्च्यून हे नाव आपल्या ओळखीचं असायला हवं. ईस्ट इंडिया कंपनीने त्याला चीनमध्ये पाठवलं ते चहासाठी. चहाची रोपं आणि बिया, काचेच्या बंद पेट्यांमधून, कलकत्त्याला आणि तिथून हिमालयाच्या पायथ्याच्या मळ्यांकडे गेल्या. त्याच फेरीत, १८५० साली, निंगबोजवळच्या तिआनतोंग देवळाच्या परिसरातल्या टेकडीवर त्याला झुडपांतून डोकं वर काढलेली एक फिकट निळी, भलीमोठी फुलांची वेल दिसली. लॅन्युजिनोसा. तिची रोपं इंग्लंडमध्ये बॅगशॉटच्या नर्सरीत पोचली. बॅगशॉट वोकिंगपासून फार लांब नाही. तुमच्या सकाळच्या चहाच्या इतिहासाला ही वेल अशी शेवटच्या पानावर चिकटलेली आहे.

आणि माझ्या कुंपणावरची? ती माँटाना. आपल्याच बाजूची, हिमालयातली. गव्हर्नर जनरल लॉर्ड ॲमहर्स्ट यांच्या पत्नी सारा ॲमहर्स्ट यांना वनस्पतींचा नाद होता. १८२७ च्या उन्हाळ्यात ॲमहर्स्ट कुटुंब सिमल्याला गेलं होतं. गव्हर्नर जनरलने तिथे उन्हाळा काढायची ही पहिलीच वेळ. माँटाना इंग्लंडमध्ये आणल्याचं श्रेय सारा यांच्या नावावर आहे, साल १८३१. डोंगरातली ही वेल थंडी संपल्यावर वाट बघत बसत नाही. तिची फुलं आधीच्या उन्हाळ्यात वाढलेल्या काडीवर, हिवाळ्याआधीच डोळ्यात तयार होऊन बसलेली असतात. वसंत आला की फक्त उघडायचं बाकी. म्हणजे फेब्रुवारीत मी दोन पिशव्यांत भरला तो कचरा नव्हता. मे महिना होता तो.

द्राक्षाच्या घरात वाढून मला हे सुचू नये याची खरी लाज वाटली. आमच्याकडे एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी अशा दोन छाटण्या का, तर एप्रिलनंतर वाढणाऱ्या काडीच्या डोळ्यात घड आधी आतल्या आत तयार होतो, आणि ऑक्टोबरमध्ये नेमके किती डोळे ठेवायचे यावर वर्षाचा हिशेब ठरतो. काडी कुणीही कापेल, डोळा वाचता आला पाहिजे, हे नाना शेकडो वेळा म्हणाले असतील.

डोळा वाचणाऱ्यांकडे आता येते. वोकिंगमध्ये विल्यम जॅकमन यांनी १८१० मध्ये नर्सरी काढली. पुढे ती मुलगा जॉर्ज आणि नातू जॉर्ज यांच्याकडे गेली. (दोघांचं नाव एकच, त्यामुळे जुन्या लेखांत कोण बोलतोय ते कळत नाही.) १८५८ मध्ये त्यांनी चिनी लॅन्युजिनोसावर दोन परागकण वापरले. एक लाल-जांभळ्या व्हिटिसेलाचा, दुसरा हेंडरसनी या संकराचा, जो लंडनच्या पाइनॲपल नर्सरीत १८३० च्या दशकात तयार झाला होता. मग बी धरायचं, पेरायचं, थांबायचं. चार वर्षं. १८६२ मध्ये त्या रोपांवर पहिली फुलं आली. त्यांतल्या एकाचा रंग असा गडद, मखमली जांभळा होता की पुढच्या वर्षी लंडनला रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीसमोर ठेवल्यावर त्याला पहिल्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं. नाव अर्थातच जॅकमनी.

जॅकमनी आली आणि व्हिक्टोरियन इंग्लंड वेडं झालं. स्टेशनमास्तरच्या खोलीपासून पाद्रीबुवांच्या घरापर्यंत दाराच्या कमानींवर जांभळा रंग चढला. माझ्या मते यामागे रंगाइतकाच सोपेपणा होता. तिने चिनी आईकडून फुलाचा आकार घेतला आणि युरोपीय बाजूकडून सवय घेतली, दरवर्षी नव्या काडीवर फुलायची. म्हणजे ज्याला छाटणीतलं काही कळत नाही त्यानेही फेब्रुवारी-मार्चमध्ये जमिनीपासून वीतभर-दोन वीत ठेवून सगळं सपाट केलं, तरी जुलैमध्ये कमान भरणार. चुकायला जागाच नाही. मी वोकिंगमध्ये माँटानावर जे केलं ते वोकिंगच्याच वेलीवर केलं असतं तर पेढे वाटले असते.

पण सगळे संकर असे आज्ञाधारक नव्हते. पेटन्सची मुलं वसंतात जुन्या काडीवर फुलायची, लॅन्युजिनोसाची मुलं जुन्या काडीतून निघालेल्या आखूड फुटींवर थांबून थांबून उन्हाळाभर. बाजारात शेकड्याने नावं आली आणि गिऱ्हाईक एकाच कात्रीने सगळ्यांना कापू लागलं. तेव्हा धाकट्या जॉर्ज जॅकमनने चेल्सी फिजिक गार्डनचे प्रमुख टॉमस मूर यांच्याबरोबर १८७२ मध्ये क्लेमॅटिसवर एक आख्खं पुस्तक काढलं. त्यात वेलींची विभागणी रंगावरून किंवा उंचीवरून केलेली नव्हती, कुणाची लेक कुणावर गेली यावरून केली होती. पेटन्सच्या घराण्याची, लॅन्युजिनोसाच्या, जॅकमनीच्या, माँटानाच्या. आणि प्रत्येक घराण्याची छाटणी वेगळी.

आज कुठल्याही नर्सरीत क्लेमॅटिसच्या कुंडीवर १, २ किंवा ३ असा आकडा असतो. पहिला गट, फुलून झाल्यावर हवं तेवढंच आवरा. दुसरा, हिवाळ्याच्या शेवटी मेलेलं आणि कमजोर तेवढं काढा, वरच्या पहिल्या भरदार जोडडोळ्यापर्यंत या, त्याखाली जाऊ नका. तिसरा, खाली या, अगदी खाली, फूटभरावर. हे तीन आकडे लोक पाठ करतात आणि विसरतात. मी आता ते पाठ करत नाही. माँटाना हिमालयातली, डोळे भरून थंडी काढणारी. व्हिटिसेला दक्षिण युरोपातली, दरवर्षी खालून सुरू करणारी. मधला गट चीन-जपानकडचा, थोडं जुन्यावर, थोडं नव्यावर. कुंडीवरचा आकडा म्हणजे त्या वेलीचं मूळ गाव आहे. गाव माहीत असलं की छाटणी आपोआप येते.

याच्या पुढची गोष्ट अंधारी आहे.

साधारण १८८० पासून मोठ्या फुलांच्या वेली मरू लागल्या. मरायची तऱ्हा विचित्र. आज संध्याकाळी कळ्यांनी लगडलेली, टवटवीत. दोन दिवसांनी सगळी पानं लोंबलेली, देठ काळे. कीड दिसत नाही, मूळ कुजलेलं नाही, पाणी कमी पडलेलं नाही. नर्सऱ्यांची रोपंच्या रोपं गेली. लोकांनी घ्यायचं बंद केलं, नर्सऱ्यांनी वाढवायचं. वीसएक वर्षं जिच्यामागे देश धावला ती वेल बेभरवशाची ठरली. इथे मला नाशिककडची एखादी रात्र आठवते. अवकाळी पावसानंतर डाऊनी पसरतो आणि सकाळी बागेत कुणी कुणाशी बोलत नाही. ते घर चालवणारं पीक, हे शोभेचं फूल, हे मला कळतं. पण रोपं विकून पोट भरणाऱ्याला तो फरक किती पडत असेल?

दोष कुणाचा यावर भांडण लागलं. विल्यम रॉबिन्सन हा आयरिश माळी-लेखक म्हणजे त्या काळातला बागांमधला सर्वात तिखट आवाज. त्याने कलमांना धरलं. नर्सरीवाले नाजूक संकरांची कलमं रानटी व्हिटाल्बाच्या मुळांवर बांधायचे, कारण त्याने रोपं झटपट तयार होत. रॉबिन्सनचं म्हणणं, दुसऱ्याच्या पायावर उभी केलेली वेल मरणारच. तिला स्वतःच्या मुळांवर वाढवा. ऐकायला पटतं. गंमत अशी की नेमक्या त्याच वर्षांत फ्रान्सच्या द्राक्षबागा फायलोक्सेरा नावाच्या किडीने उद्ध्वस्त होत होत्या आणि त्या वाचल्या त्या अमेरिकन मुळांवर कलमं बांधूनच. नानांची बागही डॉगरिजच्या खुंटावर उभी आहे. त्यांना रॉबिन्सनचं मत सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "त्याला खुंट चुकीचा मिळाला असेल."

खरा गुन्हेगार एक बुरशी होती. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या कृषी संशोधन केंद्रातले ग्लॉयर यांनी १९१५ मध्ये दाखवून दिलं की पानांवरचे ठिपके आणि खोडाची काळी कूज एकाच बुरशीमुळे होते. ती देठाला जमिनीलगत किंवा पेऱ्यापाशी घेरते, पाण्याची वाट बंद होते आणि वरचा सगळा भाग एका दमात मान टाकतो. मोठ्या फुलांचे संकर तिला लवकर बळी पडतात. व्हिटिसेला आणि माँटाना बहुतेक तरून जातात. म्हणजे जिच्या फुलांसाठी लोक वेडे झाले, त्या लॅन्युजिनोसाच्या वारशाबरोबर हा नाजूकपणाही आला.

उपाय मात्र प्रयोगशाळेपेक्षा माळ्यांच्या हातात जास्त होता. वेल लावताना कुंडीत होती त्यापेक्षा दोन-तीन इंच खोल लावायची, म्हणजे खोडाचे खालचे एक-दोन जोडडोळे मातीखाली जातात. रोग आलाच तर काळं पडलेलं सगळं निरोगी लाकडापर्यंत, गरज पडली तर मातीपर्यंत कापायचं, कापलेलं बागेत ठेवायचं नाही, जाळायचं किंवा बाहेर टाकायचं. कात्री पुसून घ्यायची. बुंध्याशी सावली, ओल आणि भरपूर कुजलेलं खत, वर ऊन. आणि मग थांबायचं, कधी काही आठवडे, कधी पुढच्या वसंतापर्यंत. मातीखालचे डोळे बुरशीपासून वाचलेले असतात. मेली म्हणून उपटून फेकलेल्या कितीतरी वेली प्रत्यक्षात जिवंत होत्या असं आता माळी सांगतात. नव्या रोपालाही पहिल्या वसंतात फूटभरावर कापतात ते याचसाठी, एका काडीवर अवलंबून राहायला नको, खालून चार निघू देत.

रॉबिन्सनचं घर ससेक्समध्ये, ग्रेव्हटाय मॅनर. १९०९ मध्ये पडून त्याच्या पाठीला मार बसला आणि चालणं गेलं. पुढची पंचवीस वर्षं तो चाकाच्या खुर्चीतून बाग बघत होता. बाग प्रत्यक्षात सांभाळली ती त्याचा मुख्य माळी अर्नेस्ट मार्कम याने. ल्योंच्या फ्रान्सिस्क मोरेलने बनवलेल्या वेली याच बागेत आल्या आणि लाटेतून वाचल्या. मार्कमने त्या दुसऱ्या झाडाझुडपांतून मोकळ्या चढू दिल्या, बिया धरल्या, १९३५ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहिलं, आणि १९३७ मध्ये तो गेला. त्याच्याकडची एक किरमिजी वेल वोकिंगच्या जॅकमन नर्सरीने त्याच्याच नावाने बाजारात आणली. क्लेमॅटिसच्या याद्या उघडून बघा, राण्या, सरदारणी, नर्सरीमालकांच्या बायका-मुली यांची नावं ओळीने सापडतील. हातात कात्री धरणाऱ्याचं नाव क्वचित. (ही वेल दुसऱ्या गटात की तिसऱ्या यावर माळ्यांचं अजून एकमत नाही. मार्कमला ते आवडलं असतं असं मला उगीच वाटतं.)

आता थेट वॉर्सा. मोकोतुव्ह भागात राकोव्हिएत्स्का नावाचा रस्ता आहे. त्यावर एक तुरुंग, जिथे युद्धानंतरच्या कम्युनिस्ट राजवटीने १९४८ मध्ये विटोल्ड पिलेत्स्कीला ठार केलं. आउशवित्झमध्ये आतली माहिती मिळवायला जो मुद्दाम पकडला गेला होता, तो माणूस. त्याच रस्त्यावर पुढे जेझुइट संन्याशांचा मठ. २ ऑगस्ट १९४४ ला, वॉर्सा उठावाच्या दुसऱ्या दिवशी, जर्मन सैनिकांनी तिथल्या सुमारे ४० लोकांना एका खोलीत कोंडून मारलं. या मठात पुढे ब्रदर स्तेफान फ्रान्चाक नावाचा संन्यासी बाग करू लागला. जन्म १९१७, मृत्यू २००९. आधी आयरिस आणि डेलिली, मग क्लेमॅटिस. साठाहून अधिक नव्या जाती त्याने तयार केल्या, आणि आज जगभरच्या नर्सऱ्यांत त्या विकल्या जातात.

त्याने दिलेली नावं एका ओळीत वाचा. वेस्टरप्लाटे, जिथे सप्टेंबर १९३९ मध्ये युद्धाच्या पहिल्या तोफा झडल्या. वॉर्सा निके, शहरासाठी लढलेल्यांच्या स्मारकावरची विजयदेवता. एमिलिया प्लाटेर, १८३० च्या रशियाविरुद्धच्या उठावात लढलेली तरुणी. कार्डिनल विशिन्स्की, ज्यांना सरकारने तीन वर्षं नजरकैदेत ठेवलं. यान पावेव द्वितीय, पोलंडचा पोप. आणि माँटे कॅसिनो. सरकारी पाठ्यपुस्तकात काय छापायचं ते सरकार ठरवत होतं. फुलाच्या नावावर कुणाचं फार लक्ष नसतं. निओबे नावाची गडद लाल पोलिश वेल इंग्लंडच्या जिम फिस्कने १९७५ मध्ये विक्रीला आणली, आणि लोखंडी पडद्यापलीकडची बाकीची नावंही हळूहळू इंग्रजी बागांच्या लेबलांवर आली. निओबे म्हणजे ग्रीक कथेतली ती आई, जिची सगळी मुलं मारली जातात आणि जी रडून रडून दगड होते.

माँटे कॅसिनोपाशी मी थांबले, कारण तिथून वाट कोल्हापूरला येते. १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे इथे पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीने सायबेरियाकडे हाकललेली, तिथून इराणमार्गे सुटलेली. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे जनरल आंडर्सच्या सैन्यात होते, आणि मे १९४४ मध्ये इटलीतल्या माँटे कॅसिनोची टेकडी त्याच सैन्याने सर केली. वळिवड्यात कुणाच्या तरी हातात तेव्हा ती बातमी आली असेल, आणि पाठोपाठ काही घरांत तार. कोल्हापूरच्या महावीर गार्डनमध्ये या लोकांची आठवण म्हणून स्तंभ आहे. वॉर्सातल्या मठात त्याच टेकडीच्या नावाची एक मखमली लाल वेल वाढवली गेली. दुसरा गट, हलकी छाटणी.

आपल्याकडे क्लेमॅटिस नाही असं मला लहानपणी वाटायचं, म्हणजे असा काही शब्दच माहीत नव्हता. मग एका दिवाळीत नानांबरोबर घाटातून जाताना करवंदीच्या जाळीवर पांढऱ्या चांदण्या दिसल्या आणि ते म्हणाले, मोरवेल. कुणी रानजाई म्हणतं. सह्याद्रीत तिच्या दोन-तीन जाती आहेत. त्यांतल्या एकीला, गौरियानाला, रॉक्सबर्गने बंगालमधल्या गौड या जुन्या राजधानीवरून नाव दिलं. फुलं गळाली की बियांना पिसासारख्या शेपट्या फुटतात आणि हिवाळ्याच्या उन्हात सगळी जाळी म्हाताऱ्याच्या दाढीसारखी दिसते. तिला कुणी छाटत नाही. गुरं काय तोडतील, वणवा काय नेईल तेवढंच. पावसात पुन्हा निघते.

कुंपणावरच्या माँटानाचं सांगायचं राहिलं. जुनं लाकूड खूप खाली कापलं तर ही जात बऱ्याचदा पुन्हा फुटतच नाही, हे मी उशिरा वाचलं. तिच्या तीन खोडांपैकी दोन खरंच गेली. तिसऱ्याच्या बुंध्याजवळून जूनमध्ये एक फूट निघाली, बोटाएवढी. मी तिच्याभोवती खापऱ्या ठेवल्या, पाणी दिलं, बारीक तार बांधली. वर्षभरात ती कुंपणाच्या वर गेली. पुढच्या हिवाळ्यात सिकेटर पेटीतून काढलाच नाही. मेमध्ये अकरा फुलं आली. घरमालकीणबाईंनी मोजली, मी नाही.

यंदा पूर्ण एक बाजू भरली होती. नानांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं. त्यांनी फोन जवळ घ्यायला सांगून फुलांऐवजी पेरं बघितली.

"आता छाटणार का?"

"फुलं गळू देत नाना, मग बघते."